उमेदवारीच्या वर्षाचा धर्म

वैद्यकीय महाविद्यालयाची चार वर्षे संपवून पदवी हाती आलेला अमेरिकेतील तरुण जेव्हा त्वचारोग, नेत्ररोग, किरणनिदान अथवा अशाच एखाद्या शाखेची आकांक्षा धरतो, जिथे जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, तेव्हा त्या शाखेत पाऊल टाकण्यापूर्वी त्याला बहुधा एक संपूर्ण वर्ष दुसऱ्याच कुणाच्या तरी वॉर्डात काढावे लागते. आणि ते वर्ष कुठे व कोणत्या प्रकारे काढावे हा प्रश्न, जो वरवर केवळ सोयीचा आणि हिशेबाचा भासतो, तो नीट पाहू गेल्यास धर्मशास्त्रातील एका फार जुन्या प्रश्नाशी जाऊन भिडतो. जे कर्म आपण दुसऱ्या कशासाठी तरी पत्करले आहे, ते निर्मळपणे करता येते काय? ज्या रुग्णाची नाडी मी आज पाहतो आहे तो माझ्या वाटेवरचा केवळ एक टप्पा असेल, तर त्या पाहण्यात काही खोट राहते काय? आणि ती राहू नये अशी ज्याची मनापासून इच्छा आहे, त्याने या वर्षाची निवड कोणत्या कसोटीवर करावी?

पूर्वी हे वर्ष बहुतेकांना सारखेच असे. पदवीधर झाला की इस्पितळात राहून औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग असे फिरत फिरत काम करावे आणि मग हवी तर पुढची शाखा धरावी, अशी वहिवाट तिथे दीर्घकाळ चालत आली होती. १९७५ साली स्वतंत्र इंटर्नशिपची ही पद्धत संपुष्टात आली व पहिले वर्ष त्या त्या शाखेच्या रेसिडेन्सीतच, म्हणजे इस्पितळातील पदव्युत्तर प्रशिक्षणातच, विलीन झाले. काही शाखांनी मात्र आपले पहिले वर्ष स्वतःकडे घेतले नाही. त्वचारोगाची तीन वर्षे किंवा किरणनिदानाची चार वर्षे सुरू होण्याआधी एक सर्वसाधारण वर्ष अन्यत्र करून यावे, अशी त्यांची अट राहिली. आणि त्या अटीच्या पूर्तीसाठी आज तीन प्रमुख वाटा आहेत. एक मेडिसिनचे प्रिलिमिनरी वर्ष, दुसरे सर्जरीचे प्रिलिमिनरी वर्ष आणि तिसरे ट्रान्झिशनल वर्ष, ज्यात अनेक विभागांतून फिरता येते, आवडीच्या विषयासाठी मोकळे आठवडे मिळतात आणि ज्याची कीर्ती, सर्वत्र खरी नसली तरी, हलक्या कामाचे वर्ष अशी आहे.

ज्यांना मार्चमधील मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार व विभाग यांच्या पसंतिक्रमांवरून जागांची जोडणी करणाऱ्या व्यवस्थेत, शाखेची जागा आणि हे आधीचे वर्ष दोन्ही एकदमच मिळतात, त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो मर्यादित. खरा पेच त्यांचा आहे ज्यांना शाखेची जागा अद्याप मिळालेली नाही आणि जे हे वर्ष करून, किंवा ते करीत असतानाच, पुन्हा अर्ज करणार आहेत. मॅचच्या आठवड्यात सोमवारी उमेदवाराला जागा मिळाली की नाही एवढेच कळते, कुठे मिळाली ते शुक्रवारी. आणि ज्यांना सोमवारी नकार येतो त्यांना मधल्या दिवसांत उरलेल्या जागांसाठी धावाधाव करावी लागते. तिथे पुष्कळदा शिल्लक असतात त्या सर्जरीच्या एकवर्षी जागा, ज्यांच्यापुढे दुसरे वर्ष जोडलेले नसते. ट्रान्झिशनल वर्षाच्या जागा मुळात थोड्या, आणि त्यांवर आधीच शाखेची जागा पदरात पडलेल्या गुणवंतांची दृष्टी असते. म्हणजे ज्याला मोकळ्या वेळाची सर्वाधिक गरज आहे त्याच्या वाट्याला तो बहुधा येत नाही.

यात कालगणनेची एक क्रूरता आहे. असा तरुण जुलैच्या आरंभी कामावर रुजू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा नवा अर्ज त्याच्या इच्छित शाखेच्या सर्व विभागांच्या दफ्तरी जाऊन पडतो. नवे इस्पितळ, नवी संगणकप्रणाली, नवी माणसे, यांची ओळख होते न होते तोच त्याला कुणाकडे तरी शिफारसपत्र मागावे लागते. जे लिहिणार त्यांनी त्याला काही आठवडेच पाहिलेले असते. पुढे नोव्हेंबरपासून मुलाखती. एकेका मुलाखतीसाठी सुटी मागायची म्हणजे आपल्याऐवजी कुणीतरी वॉर्ड सांभाळायचा, आणि ज्या विभागात काम करतो तिथे राहायची आपली इच्छा नाही हे त्या निमित्ताने चारचौघांत पुन्हा पुन्हा उघड व्हायचे. एक शरीर दोन ठिकाणी वाटले गेल्याचा हा अनुभव ज्यांनी घेतला आहे ते तो सहसा विसरत नाहीत.

अशा स्थितीत मनुष्य हिशेब करू लागला तर त्याला दोष कसा द्यावा? रात्री पेजर त्याच्याकडे असतो. सहकाऱ्यांचे रुग्णही त्याच्याच भरवशावर असतात. कुणाचा ताप चढलेला, कुणाचे पोटॅशियम उतरलेले, कुणी वृद्ध गृहस्थ भ्रमिष्ट होऊन सलाईनची नळी उपटू पाहणारे. औषधाचा हुकूम लिहून दोन मिनिटांत पुढे जाता येते, किंवा त्या वृद्धाच्या उशाशी बसून, त्याचा चष्मा व श्रवणयंत्र शोधून देऊन, आपण कुठे आहोत हे त्याला चार वेळा सांगून त्याला शांत करता येते. दुसऱ्या मार्गाला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाची नोंद कुठल्याही शिफारसपत्रात होत नाही. तोच अर्धा तास शोधनिबंधाच्या मसुद्याला दिला असता तर अर्जात एक ओळ वाढली असती. या वर्षाचा नैतिक प्रश्न मोठ्या प्रसंगी उभा राहत नाही. तो अशा निनावी अर्ध्या तासांत उभा राहतो.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे या प्रश्नाला गीतेतील फलत्यागाचा उपदेश हे तयार उत्तर देतात. तू कर्म कर, फळाकडे पाहू नकोस. उपदेश थोरच आहे, पण तो ज्या रीतीने वापरला जातो ती रीत मला मान्य नाही. ज्याने दहा-बारा वर्षे एका इच्छेच्या आधाराने अभ्यास केला, ज्याच्या शिरावर शिक्षणाचे कर्ज आहे, आणि जूनच्या अखेरीस ज्याची नेमणूक संपणार आहे, त्याला इच्छाच सोड असे सांगणे हा उपदेश नसून त्याच्या दुःखाकडे केलेली पाठ आहे. शिवाय गीता ज्याला सांगितली तो रणातून निघून जाऊ पाहत होता. हा तरुण निघून जात नाही, तो दोन कर्तव्यांच्या मध्ये उभा आहे. डोळ्यांचा वैद्य होण्याची आकांक्षा ही मलिन वासना नव्हे. ती मनात ठेवूनच वॉर्डातले काम कसे करावे, हे त्याला कुणीतरी सांगावयास हवे.

मला याचे अधिक नेमके उत्तर वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे सापडते, ज्यांना आपण कर्मकांडी म्हणून फार लवकर बाजूला सारले. त्यांनी विहित कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. विशिष्ट फळाची इच्छा असेल तर करावयाचे ते काम्य. ते न केल्याने दोष लागत नाही. नित्य ते, जे इच्छा असो वा नसो करावेच लागते, जे केल्याचे वेगळे बक्षीस नाही, पण जे न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. शाखेची जागा मिळविण्यासाठीचा सारा खटाटोप, परीक्षा, निबंध, मुलाखती, हे काम्य होय. ते कुणी मध्येच टाकून दिले तर कुणाचे नुकसान होत असेल ते त्याचे स्वतःचेच. वॉर्डातील रुग्णाची शुश्रूषा मात्र नित्य आहे. ती उत्तम केली म्हणून इच्छित जागा मिळेल असे नाही, परंतु तीत हयगय झाली तर लागणारा दोष कोणत्याही यशाने धुतला जात नाही.

येथवर कुणीही येईल. मीमांसकांची खरी प्रतिभा पुढच्या प्रश्नात दिसते: एकच कर्म नित्यही आणि काम्यही असू शकते काय? अग्निहोत्र यावज्जीव करावे असेही विधान आहे आणि स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने ते करावे असेही आहे. दही हे होमाचे द्रव्य म्हणून सांगितले आहे आणि इंद्रियसामर्थ्य इच्छिणाऱ्याचे साधन म्हणूनही सांगितले आहे. मग एकाने दुसऱ्याला बाध येतो काय? मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या सूत्रांत याचा निर्णय संयोगपृथक्त्व या तत्त्वाने दिला आहे. वस्तू एक असली तरी तिला दोन वेगळ्या विधींनी दोन वेगळी प्रयोजने जोडली आहेत, प्रत्येक संबंध आपापल्या आधारावर उभा आहे, आणि म्हणून एकाच्या असण्याने दुसरा अशुद्ध होत नाही. मला हा निर्णय या तरुणाला फार मोठा दिलासा देणारा वाटतो. त्याचे वर्ष एकच आहे, पण त्याला दोन संबंध जोडलेले आहेत: एक त्याच्या आकांक्षेचा, एक रुग्णाच्या हक्काचा. आकांक्षा आहे म्हणून शुश्रूषा ढोंगी ठरत नाही. आणि शुश्रूषा चांगली झाली म्हणून आकांक्षेला त्यावर दावा सांगता येत नाही. गोंधळ होतो तो दोन्ही संबंधांचा एकच हिशेब मांडला जातो तेव्हा. हा रुग्ण माझ्या अर्जाच्या उपयोगाचा आहे काय, असा प्रश्न मनात आला की काम्याने नित्याच्या जागी अतिक्रमण केले असे समजावे.

मीमांसकांनी आणखी एक भेद केला आहे, आणि थकलेल्या माणसाने तो लक्षात ठेवावा. काम्य कर्म सर्वांगपूर्ण झाले पाहिजे. एखादे अंग राहिले तरी फळ हाती येत नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ति केले तरी चालते. प्रधान भाग टाकता येत नाही, पण गौण अंगे शक्ती नसल्यास सुटली तरी कर्म सिद्ध होते. पहाटे तीन वाजता, रात्रभर जागून, प्रत्येक रुग्णाशी प्रसन्न हास्याने बोलणे कुणाला जमले नाही तर तो पापी ठरत नाही. रुग्णाचा श्वास वाढला आहे असे नर्सने कळविल्यावर उठून जाणे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हा प्रधान भाग आहे. त्याला यथाशक्तीची सवलत नाही.

याच ठिकाणी शंकराचार्य आणि लोकमान्य टिळक यांच्यातील प्रसिद्ध मतभेदाची आठवण होते. आचार्यांच्या मते कर्माने चित्तशुद्धी होते, शुद्ध चित्तात ज्ञान उगवते, आणि ज्ञान झाल्यावर कर्माचे प्रयोजन उरत नाही. कर्म ही चढून गेल्यावर मागे टाकायची भूमिका आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी याला हरकत घेतली ती ज्ञानोत्तरही कर्म लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या धारणेसाठी, चालूच राहिले पाहिजे अशी. मोक्षाच्या विचारात या वादाचा निकाल काय लागावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. वैद्यकापुरते मात्र मी निःसंशय टिळकांच्या बाजूचा आहे. जो वैद्य आपल्या पहिल्या वर्षाकडे चित्तशुद्धीपुरते सहन करायचे वर्ष म्हणून पाहतो, तो पुढे शाखेत गेल्यावर संपूर्ण मनुष्याला पाहण्याचे कर्मच मागे टाकून आलेला असतो. डोळ्याच्या पडद्यावर दिसणारा रक्तस्राव हा मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा असू शकतो. त्वचेवरचा पुरळ हा एखाद्या औषधाचा, किंवा सर्वांगव्यापी ल्युपसचा असू शकतो. किरणचित्रातील पोटाची सावली ज्याने पूर्वी हाताने पोट दाबून पाहिले आहे त्याला निराळी दिसते. सर्वसाधारण वर्ष आधी करून या, ही अट काही प्रशासकीय खोड म्हणून राहिलेली नाही.

तेव्हा निवडीचा प्रश्न. मी अशा तरुणाला एकच कसोटी सुचवीन: इच्छित जागा कधीच मिळाली नाही असे क्षणभर धरून चालावे, आणि मग पाहावे की कोणते वर्ष तरीही आपल्या आयुष्यात पूर्ण किमतीने उभे राहील. ज्या वर्षाला आपले मोल केवळ पुढच्या वर्षाकडून उसने घ्यावे लागते, ते निवडू नये. या कसोटीवर मेडिसिनचे प्रिलिमिनरी वर्ष, त्याचा सारा भार मान्य करूनही, मला पुष्कळांसाठी श्रेयस्कर वाटते. पुढे शाखा बदलावी लागली आणि त्याच विभागात दुसऱ्या वर्षाची जागा निघाली तर ते वर्ष बहुधा वाया जात नाही. आणि काही न निघाले तरी आजारी मनुष्याला घरी जाण्यायोग्य होईपर्यंत सांभाळण्याची विद्या हाताशी राहते. ज्याचा ओढा शस्त्रक्रियेकडेच आहे त्याला सर्जरीच्या वर्षात हेच समाधान मिळेल. ट्रान्झिशनल वर्षही निंद्य नाही. ज्याच्या घरात तान्हे मूल आहे, ज्याची प्रकृती नाजूक आहे, त्याने थोडे हलके वर्ष निवडले तर त्यात कमीपणा कसला?

कष्ट म्हणजे तप, असा जो एक समज आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही आहे, तो रुग्णांना महाग पडला आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका इस्पितळात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यानंतर काही तासांतच मरण पावली. थकलेल्या, अपुऱ्या देखरेखीखालील नव्या डॉक्टरांचा प्रश्न तिच्या मृत्यूने ऐरणीवर आला, न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये कामाच्या तासांवर नियम घातले, आणि २००३ पासून संपूर्ण देशात रेसिडेंटच्या आठवड्याला चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तासांची मर्यादा मुक्रर झाली. ८० तास हीदेखील मनुष्याच्या शक्तीची कसोटीच आहे. जो अधिक थकतो तो अधिक धार्मिक, असे समजून कुणी सर्वांत खडतर जागा पत्करू नये.

आतापर्यंत मी उमेदवाराच्या धर्माविषयी बोललो; संस्थेचाही एक धर्म आहे, आणि त्याविषयी मौन पाळून व्यक्तीलाच उपदेश करणे अन्यायाचे होईल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात, जे १८८९ साली उघडले, शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यशिक्षणाची जी रचना बसविली तीत तळाशी अनेक आणि शिखरावर एक-दोन, असा क्रम होता. वर्षावर्षाला माणसे गळत. ती रचना पुढे सोडून देण्यात आली, पण पुढचे वर्ष न जोडलेल्या सर्जरीच्या जागांत तिची छाया अजून रेंगाळते आहे. रात्रीची पाळी भरून काढण्यास माणसे हवीत, त्यांना पुढची जागा देण्याची जबाबदारी मात्र नको, अशी तजवीज जिथे असते तिथे तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली मांडलेला आक्षेप लागू होतो: मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. रुग्णाकडून शिकणे, उमेदवाराकडून सेवा घेणे, यात गैर काही नाही. परंतु ज्याच्याकडून वर्षभर सेवा घेतली त्याच्या पुढच्या वाटेची चिंता कुणीही वाहिली नाही, तर तो साधनच ठरला. यात पैशाचाही भाग आहे. रेसिडेन्सीचा मोठा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातून येतो. १९९७ च्या कायद्याने त्या मदतीस पात्र जागांची संख्या गोठविली. आणि उमेदवाराची प्रथम ठरलेली मुदत संपल्यावर त्याच्यापोटी इस्पितळाला मिळणारी थेट रक्कम निम्म्या हिशेबाने मोजली जाते. यामुळे आधी एका शाखेची पूर्ण जागा घेऊन नंतर लांब मुदतीच्या दुसऱ्या शाखेकडे वळू पाहणाऱ्याला कधी कधी असे दार बंद आढळते, की जे बंद का झाले हे त्याला कुणी समजावूनही सांगत नाही.

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत हा पेच अधिक घट्ट होतो. त्यांनी आपली बारा महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप एकदा केलेली असते, त्यात ग्रामीण आरोग्यकेंद्रातील दिवसही असतात, पण तिथल्या रेसिडेन्सीत त्या वर्षाची मोजदाद होत नाही. पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जे-१ व्हिसावर गेलेल्याला प्रशिक्षणासाठी साधारणपणे सात वर्षांची कमाल मुदत असते, आणि नेमणूक संपली की व्हिसाचा आधारही संपतो. त्यामुळे पुढचे वर्ष न जोडलेली जागा घेणे म्हणजे त्याच्यासाठी केवळ करिअरचा धोका नव्हे, राहण्याच्या परवानगीचाही आहे, हे पुण्या-नाशिकातल्या आईवडिलांनीही समजून घ्यावे. आणि हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असेही नाही. आपल्याकडे इंटर्नशिपचे वर्ष नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाखाली दबून गेले आहे. काम्याने नित्य गिळण्याचे उदाहरण पाहण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागत नाही.

आता पुन्हा मॅचकडे वळू. तिची गणिती व्यवस्था १९५२ पासून चालू आहे. १९६२ साली गेल आणि शॅप्ले यांनी अशा जोडणीचे मूलतत्त्व सिद्ध केले, १९९८ पासून ॲल्विन रॉथ यांच्या सुधारित पद्धतीने ती चालते, आणि २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल शॅप्ले व रॉथ यांना मिळाले. या पद्धतीचा एक गुण मला नैतिक दृष्ट्याही मोलाचा वाटतो: उमेदवाराने जागांचा क्रम लावताना आपली शक्यता किती याचा तर्क न करता खरोखर जे हवे तेच वर लिहावे, त्यात त्याचेच हित असते. आपली खरी इच्छा लपवून ठेवण्याची गरज ज्याला वाटते त्याने हे लक्षात घ्यावे. वॉर्डातल्या वरिष्ठांनाही पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे की, मी पुढच्या वर्षी त्वचारोगासाठी अर्ज करणार आहे, आणि येथे असेतोपर्यंत तुमच्या रुग्णांचे काम पूर्णपणे माझे आहे. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, आणि दोन्ही उघड बोलल्याने शिफारसपत्र मागताना मान खाली घालावी लागत नाही.

जागा निवडण्यापूर्वी विभागप्रमुखांना विचारावयाचे प्रश्नही यातूनच निघतात. गेल्या काही वर्षांत येथे एक वर्ष केलेले लोक पुढे कुठे गेले? त्यांना पूर्ण मुदतीच्या रेसिडेंटांबरोबर त्याच शिकवणीला बसविले जाते, की त्यांच्या वाट्याला जास्त रात्री येतात? मुलाखतींच्या सुटीची तरतूद लेखी आहे, की ती कुणाच्या मर्जीवर आहे? पुन्हा अर्ज करणाऱ्याला सल्ला देण्याची जबाबदारी कुणा एका व्यक्तीकडे सोपविलेली आहे काय? ज्या विभागाला ही उत्तरे देताना अडखळावे लागते, तिथे उमेदवाराने सचोटीने राबण्याची तयारी ठेवली तरी दुसरी बाजू आपले नित्य पाळील असा भरवसा धरू नये, आणि दुसरी जागा हाती असेल तर ती घ्यावी.